टाकीमागे अडकलेला नाखवा

बोट क्रेनने पाण्याबाहेर उचलली की तिच्या पोटाखालून बराच वेळ पाणी ठिबकत राहतं. नाखवा दर वर्षी ते थांबेपर्यंत खाली उभा राहायचा. क्रेनवाला वरून ओरडायचा, "अहो, सरका की, अंगावर घ्यायचीय का?" नाखवा दोन पावलं सरकायचा आणि पुन्हा तिथेच यायचा. मग बोट लाकडी ठोकळ्यांवर टेकायची, दोन्ही कुशींना टेकू लागायचे, ताडपत्री चढायची, दोऱ्या आवळल्या जायच्या आणि नाखवा हात झटकून घरी यायचा. तिथून पुढे चार महिने वाऱ्यापायी बंदराचं तोंड बंद.

बोट माणसं ने-आण करायची. धक्क्यावरून समोरच्या बेटावर आणि बेटावरून परत, दिवसाला सहा फेऱ्या. हे त्याचं एकोणतिसावं वर्ष होतं. खरं नाव बोटीच्या परवान्यावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळे त्याला नाखवा म्हणायचे. बायकोही म्हणायची, पण माघारी. समोर "अहो".

हिवाळ्यात बोटवाले काय करतात, असं कुणी विचारलं तर गोदीतला प्रोफेसर सांगायचा, "वाट बघतात." या प्रोफेसराने आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. नाखव्याच्या शेजारची बोट त्याची, आणि समजावून सांगायची खोड जन्माची, म्हणून प्रोफेसर. पण त्याचं म्हणणं खरं होतं. कुणी हिवाळाभर ट्रक चालवायचा, कुणी लेकीकडे जाऊन राहायचा, कुणी रोज सकाळी गोदीत येऊन आपल्या ताडपत्रीच्या दोऱ्या तपासायचा आणि त्या सैल नाहीत म्हणून हिरमुसून परत जायचा. एरवी सगळ्यांचा अड्डा गोदीच्या मोठ्या शेडमध्ये असायचा. तिथे शेगडी होती, चहाची किटली होती, उघडून ठेवलेली दोन-चार इंजिनं होती. दुपारपर्यंत हात काळे करून घेतले की माणूस घरी जाऊन जेवायला मोकळा.

त्या वर्षी मात्र हंगाम संपता संपताच वादळात शेडचं छप्पर बसलं. आत शिरायला मनाई झाली. दारावर आडवी फळी ठोकली गेली. आणि नाखव्याला सकाळी उठून जायला जागाच राहिली नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीला एकच खिडकी, तिच्यातून पलीकडच्या इमारतीची भिंत आणि तिच्या वर हातभर आभाळ दिसायचं. नाखवा सकाळी सातला खुर्ची ओढून त्या खिडकीशी बसायचा आणि त्या हातभर आभाळावरून वाऱ्याची दिशा ताडायचा. वारा कळून करायचं काय, हा प्रश्न होताच. नऊपर्यंत वारा बघून व्हायचा. मग हात शिवशिवायला लागायचे.

पहिल्या महिन्यात त्याने न गळणारे नळ दुरुस्त केले. त्यातला एक मग गळायला लागला. दुसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, कारण बोटीवर तसे लावतात, हेलकाव्यात पडत नाहीत. बायको साखरेच्या डब्यासाठी स्टुलावर चढून म्हणाली, "आपलं घर कुठे हेलकावतंय?"

"सवय असलेली बरी," नाखवा म्हणाला.

ती साखर घेऊन खाली उतरली. ती फारसं बोलायचीच नाही, निदान नाखव्याला तरी तसंच वाटायचं. लेकीचं लग्न होऊन ती लांब गेल्यापासून बायको घरी शिवणकाम करायची. बायकांचे कपडे, शाळेचे गणवेश, झब्बे, पडदे, काहीही. मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी होतं. त्या हिवाळ्यात ते स्वयंपाकघरात गेलं. कधी गेलं, कुणी नेलं, हे नाखव्याच्या ध्यानातही आलं नाही. खिडकी मोकळी झाली, एवढंच त्याला कळलं.

त्याला स्वतःचीच कीव यायची. चार भिंती, एक खुर्ची, खाली जिना, जिन्याच्या खाली रस्ता, आणि रस्त्यावर वारा असा की चालायचं म्हटलं तर कान फाटतात. बेटावर जायला पस्तीस मिनिटं लागतात, पण ती पस्तीस मिनिटं सगळं जग मोकळं असतं. इथे दिवस खुर्चीच्या चार पायांमध्ये संपायचा. लेकीचा फोन आला की तो म्हणायचा, "मजेत आहोत," आणि फोन बायकोच्या हातात द्यायचा. मग ती फोन घेऊन आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. एवढं काय बोलतात कोण जाणे, असं त्याला वाटायचं.

बोट पाण्यात सोडायला अठरा दिवस राहिले असताना भांडण झालं. भांडण तरी कसलं! नाखव्याने चांगुलपणा म्हणून बायकोचं मशीन उघडलं. कुठेतरी करकरतंय असं त्याला वाटत होतं. ती बाजारात गेली असताना त्याने सगळं खोललं, पुसलं, तेल घातलं आणि परत जोडलं. इंजिन जोडणाऱ्याला मशीन म्हणजे काय? पण जोडून झाल्यावर मशीन टाके सोडायला लागलं. चार टाके घालायचं, दोन सोडायचं. गणवेशांचा गठ्ठा बाजूला पडलेला होता.

बायकोने आल्यावर एक शिवण घालून बघितली. कापड काढून गठ्ठ्यावर ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही जा. तुमच्या बोटीत जाऊन बसा."

आवाज चढलेला नव्हता. तेच नाखव्याला जास्त लागलं. त्याने कोट अंगावर चढवला, पान्यांची पिशवी उचलली आणि जिना उतरला. जेवणाचा डबाही घेतला नाही.

तो सुट्टीचा दिवस होता. गोदीत चिटपाखरू नव्हतं. बोटी ताडपत्र्या पांघरून ओळीने उभ्या होत्या. नाखवा शिडी लावून वर चढला, ताडपत्रीचा कोपरा सोडवून आत शिरला आणि रागाला काहीतरी काम हवं म्हणून कामाला लागला. तशी कामं पुष्कळ होती. तळाला चिकटलेल्या शिंपा खरवडून झाल्या होत्या, पण फळ्यांच्या दोन फटींत पाणी शिरू नये म्हणून सूत ठोकून वर लांबी लिंपायची राहिली होती. सुकाणूच्या साखळीला तेल द्यायचं होतं. पंपाचा नळ दुरुस्तीला दिला होता, तो परत आणून बसवायचा होता. पुढच्या बाजूला बोटीच्या कुशीत त्या जागी लिंबाएवढं भोक होतं. पण नाखव्याला आठवला तो टाकीचा नट.

बोटीच्या पुढच्या टोकाला, फळ्यांखाली, पिण्याच्या पाण्याची टाकी होती. गेल्या हंगामात लाटेवर बोट आपटली की तिथून खडखड आवाज यायचा. टाकी धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीचा मागचा नट ढिला झाला असणार. तिथे जायचं तर एका चौकोनी तोंडातून आत शिरून, टाकी आणि बोटीची कूस यांच्यामधून आडवं होऊन सरपटावं लागे. नाखवा दर वर्षी जायचा. पण दर वर्षी नाखवा हिवाळाभर खुर्चीत बसलेला नसायचा.

फोन कोटात होता. कोट काढून त्याने केबिनमध्ये टांगला, पाना हातात घेतला आणि शिरला. उजवा हात पुढे, डावा अंगाखाली. खांदे गेले. पोट श्वास सोडून नेलं. पाना नटापर्यंत पोचायला चार बोटं कमी पडत होती, म्हणून त्याने पायांनी एक जोराचा रेटा दिला. काहीतरी खटकन अडकलं. नट अजूनही दोन बोटं लांबच होता.

मागे सरायला गेला तर सरकेना. कमरेचा पट्टा टाकीच्या कोपऱ्याला अडकला होता आणि स्वेटर वर गोळा होऊन काखेत पाचरीसारखा बसला होता. डावा हात छातीखाली. पाय मोकळे होते, पण पायांना टेकायला काही नव्हतं, ते नुसते हवेत वल्ही मारत होते. त्याने हिसका दिला. बरगडीत कळ आली. आणखी एक हिसका दिला आणि आत काहीतरी कडकन वाजलं. त्यानंतर हिसका द्यायची हिंमत उरली नाही.

"अरे, कुणी आहे का?" तो ओरडला. आवाज टाकीवर आपटून त्याच्याच कानात घुसला.

पंपाच्या नळाचं भोक त्याच्या डोळ्यासमोर वीतभरावर होतं. त्यातून गोदीचा एक तुकडा दिसत होता: प्रोफेसराच्या बोटीचा टेकू, एक पालथं पिंप, पलीकडच्या फाटकाचा खालचा अर्धा भाग. डोळा थोडा हलवला की पिंप जायचं आणि डबकं यायचं. एवढंच जग. नाखवा त्या भोकाकडे डोळा लावून पडून राहिला. लाकडाचा गारठा हळूहळू हाडांत शिरत होता. खाऱ्या कुबट वासाने डोकं चढलं होतं.

मग केबिनमध्ये फोन वाजला. कोटाच्या खिशात, हाकेच्या अंतरावर. वाजून वाजून थांबला. नाखव्याने आयुष्यात फोनला कधी उत्तर दिलं नसेल एवढ्या कळवळून "हॅलो, हॅलो" केलं. फोन परत वाजला नाही.

त्याने बोटी बुडताना पाहिल्या होत्या, धुक्यात वाट चुकला होता, इंजिन बंद पडून अर्धा दिवस भरकटला होता. पण तेव्हा हात हलवता यायचे. इथे कोरड्या जमिनीवर, स्वतःच्याच बोटीच्या पोटात, एका नटापायी आपण संपतोय की काय, या विचाराने त्याला हसू आलं. हसल्यावर बरगडी दुखली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात नव्हता.

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. डबक्यावरचं ऊन सरकून पिंपावर गेलं आणि पिंपावरूनही उतरलं. तेव्हा फाटकाच्या खालच्या भागात दोन पाय आले. तपकिरी बूट, एकाची टाच झिजलेली. ते बूट नाखव्याने बेचाळीस वेळा चांभाराकडे नेले असतील. पाय आले, डबकं चुकवून थांबले.

"अहो!" बायकोने खालून हाक मारली. "जेवणार आहात की नाही?"

"अगं, इकडे!"

"कुठे?"

"इथे. भोकात!"

बूट इकडे तिकडे फिरले. मग तिचा चेहरा वाकून भोकासमोर आला, आणि आतून एक डोळा आपल्याकडे बघतोय हे पाहून ती दचकून मागे सरली.

"अगं बाई! तिथे काय करताय?"

"अडकलोय."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"मी फोन केला होता. उचलला नाहीत, तर म्हटलं रुसलेत. बसू देत."

"मग आलीस कशाला?"

"डबा राहिला होता. उपाशीपोटी रुसणं तुम्हाला जमत नाही."

तिला शिडीची भीती वाटायची. बोट कोरड्यावर उभी असताना ती कधी वर चढली नव्हती. नाखव्याला शिडीचं करकरणं ऐकू आलं, एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी पायरी. "खाली बघू नकोस," तो ओरडला. "बघत नाहीये, तुम्ही ओरडू नका," ती म्हणाली. शेवटी फळ्यांवर तिची पावलं वाजली आणि कुणीतरी त्याच्या पायाला हात लावला. त्याला हायसं वाटलं.

तिने आधी पाय धरून ओढून बघितलं. तो कळवळला. तेव्हा ती आत डोकं घालून कुठे काय अडकलंय ते बघत बसली. "क्रेनवाल्याला बोलावू?"

"नको. तो आयुष्यभर सांगत सुटेल."

"मग गप्प पडा. मला हात घालू दे."

डबा देऊन पुढे गणवेशांची बटणं आणायला ती जाणार होती, त्यामुळे पिशवीत कात्री होती आणि शिवण उसवायचा छोटा काटा. तिने पट्टा कापला. पँटची बाजूची शिवण वरपासून उसवायला घेतली. मग स्वेटर. तो तिनेच विणलेला होता.

"काप सरळ," नाखवा म्हणाला. "माझा जीव गेला तरी चालेल, पण शिवण नीट उसवायची!"

"कापड फाडायचं नसतं," ती म्हणाली. काट्याची कटकट चालू राहिली. मग त्याच लयीत ती म्हणाली, "आज तीन बायका येऊन गेल्या."

"कुठे?"

"घरी. तुम्ही गेल्यावर मी मशीन नीट केलं. सुई उलटी बसवली होतीत. मग माझ्या गिऱ्हाइकांतल्या नर्सबाईला फोन केला, म्हटलं, आज या. ती दोघींना घेऊन आली. हिवाळा लागल्यापासून एक बाई आत आली नव्हती. दारातून कापड देतात, अंदाजाने माप सांगतात. फिटिंग बिघडतं, मग परत करतात."

"का? आत यायला काय झालं?"

"मापं कशी देतील? तुम्ही समोर खुर्चीत."

नाखवा भोकातून पिंपाकडे बघत होता. त्याच्या मागे तिचा हात चालू होता.

"मला सांगायचंस."

"काय सांगू? घरधन्याला म्हणू, घराबाहेर जा? शेड होती तेव्हा निदान दुपारपर्यंत पुढची खोली माझी असायची. यंदा मी स्वयंपाकघरात मोरीशेजारी बसून शिवतेय. तिथेही तुम्ही येता, डबे मोजता." तिने काटा पुढच्या टाक्यात घातला. "तुम्ही सात वाजता खुर्ची ओढता ना, तो आवाज आला की माझा दिवस मिटतो. फोन उचलला नाहीत तेव्हा मला बरं वाटलं. खरंच सांगते. दोन तास बरं वाटलं. मग भीती वाटली."

ती समोर असती तर नाखव्याने काहीतरी बोलून विषय उडवला असता, किंवा उठून खिडकीशी गेला असता. इथे उठायची सोय नव्हती. सगळं ऐकून घ्यावं लागलं, आणि ती कधी नाही एवढं बोलली. लेकीशी दार लोटून काय बोलायची तेही सांगून टाकलं. तोवर स्वेटर सुटला.

"आता श्वास सोडा," ती म्हणाली. "सगळा."

त्याने सोडला. ती पाय धरून मागे रेलली. नाखवा बनियनवर, उसवलेल्या पँटीत, एका अंगाला सोलवटून बाहेर आला आणि फळ्यांवर उताणा पडला. ती शेजारी केबिनच्या भिंतीला टेकून धापा टाकत होती. मग तिने डबा उघडला.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टरांनी तीन आठवडे पडून राहायला सांगितलं. बोट सोडायला अठरा दिवस उरलेले, आणि नाखवा घरात, तोही आतल्या खोलीत, कारण मशीन परत पुढच्या खोलीत खिडकीशी आलं होतं आणि बायका यायला लागल्या होत्या. दाराला आतून कडी लावायचं काम त्याच्याकडे होतं. मापं चालू असताना बाहेर येता यायचं नाही. मोरी पलीकडे. एकदा नर्सबाई आणि तिच्या दोन बहिणी दीड तास बसल्या. नाखव्याने पाय आवळून छतावरच्या ओलीचे डाग मोजले आणि शेवटी दार हळूच वाजवलं. पलीकडे एकदम शांतता पसरली, मग हशा पिकला.

त्या हशात एक आवाज त्याला ओळखू येईना. मोठा, खळाळता, मध्येच अडकणारा. तो बायकोचा आहे हे कळायला त्याला दोन दिवस लागले. ती बायकांना भोकातल्या डोळ्याची गोष्ट सांगायची, दर वेळी जरा वाढवून. नाखवा पलंगावर पडून ऐकायचा. राग यायचा, आणि हसूही यायचं, आणि हसलं की बरगड्या कळवळायच्या. आपल्याला हे घर माहीतच नाही, असं त्याला पडल्या पडल्या वाटायचं. तिथे जायचा रस्ता आहे की नाही तेही कळायचं नाही. मधे एक दार होतं आणि कडी त्याच्याच बाजूला होती, पण काढायची नव्हती.

बोटीचं राहिलेलं काम प्रोफेसराने अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी येऊन तो फटीत सूत कसं ठोकावं ते नाखव्याला समजावून सांगायचा, आणि नाखव्याला एकोणतीस वर्षांनंतर ते निमूट ऐकून घ्यावं लागायचं. एकदा तो म्हणाला, "तुझा नट बघितला. दगडासारखा घट्ट आहे."

"मग खडखडत काय होतं?"

"टाकीखाली काचेची बाटली होती. लोणच्याची असावी. काढून टाकली."

नाखव्याने भिंतीकडे तोंड केलं.

बोट सोडायच्या दिवशी तो छातीला पट्टा बांधून धक्क्यावर गेला. बायको आली नाही. गणवेश द्यायचे होते. क्रेनने बोट उचलली, क्रेनवाला ओरडला, "आज तरी लांब उभे राहा!" आणि नाखवा खरोखरच लांब उभा राहिला, वाकता येत नव्हतं म्हणून. बोट पाण्याला टेकली, थोडी दबली, आणि सुटली.

चार महिने सुकलेलं लाकूड पहिले दोन-तीन दिवस पाणी आत घेतं. फळ्या फुगल्या की फटी आपोआप मिटतात. तोवर कुणीतरी बोटीवर राहून पंप मारत राहावं लागतं. नाखवा राहिला. एका हाताने पंप मारता मारता दुसऱ्या हाताने त्याने फोन लावला.

"सुटली का?" बायकोने विचारलं. मागे मशीन चालू होतं.

"सुटली. पाणी येतंय, पण येतंच पहिल्यांदा. दोन दिवस इथेच राहावं लागेल."

"बरं," ती म्हणाली, आणि मग, "सांभाळून. वाकू नका."

उन्हाळाभर तो सहा फेऱ्या मारत राहिला. सुट्टीच्या दिवशी त्याने, प्रोफेसराने आणि आणखी दोघांनी मिळून शेडच्या छपराचे वासे बदलले. पुरतं छप्पर होईना. हिवाळा लागला तेव्हा अर्धी शेड झाकलेली होती आणि अर्ध्या शेडमध्ये वारा मोकाट फिरायचा. नाखवा सकाळी आठला तिथे जायचा, दुपारी घरी येऊन जेवायचा, आणि परत जायचा. वारा अगदीच उठला की घरी थांबावं लागायचं. तेव्हा तो आतल्या खोलीत बसायचा. खुर्ची तिकडे नेली होती. त्या खोलीला खिडकी नव्हती.